फुकटचं गवत

मंगळवेढ्याच्या दक्षिणेला ज्या माळावर बिरप्पाच्या पणज्यापासून मेंढरं चरत आली, त्या माळाला कंपनीनं कुंपण घातलं आणि आत सोलरच्या प्लेटा उभ्या केल्या. प्लेटा तयार झाल्या, पण वीज न्यायला तार नव्हती. जुन्या लाइनीत जागा नव्हती आणि नव्या लाइनीचा खर्च कुणी सोसायचा यावर मुंबईत बैठका चालू होत्या. गवत काही बैठकीसाठी थांबलं नाही.

ते प्लेटांवर सावली धरायला लागलं, तसं साइटवरच्या दिग्विजय साहेबानं बिरप्पाला बोलावलं. "मेंढरं आत सोडा. शेरडं नकोत, ती प्लेटांवर चढतात. गवत कमी राहिलं म्हणजे झालं."

बिरप्पाच्या जिवात जीव आला. माळ गेल्यापासून घरात कळप विकायची भाषा चालू होती आणि ती निघाली की त्याला भाकरी गोड लागत नसे.

बायको कस्तुराबाईची शंका वेगळी होती. "ऊन फुकट, मग आपलं लाइटबिल का वाढलं वो?"

"मेंढरू बी फुकटच चरतं. पन त्येच्या मागं चालणाऱ्याला भाकरी लागती की. तारंचं तसंच हाय."

तिला पटलं. बिल मात्र कमी झालं नाही.

फुकट चारणं बिरप्पाला टोचत होतं. धनगर रात्री शेतकऱ्याच्या रानात कळप बसवतो; लेंड्यांनी रान खतावतं, शेतकरी धान्य देतो. त्या उन्हाळ्यात बिरप्पानं सगळ्या शेतकऱ्यांना नाही म्हटलं आणि मेंढरं प्लेटांच्या ओळींत बसवली, रोज नवी ओळ. गेटवरच्या राखणदाराला वाटलं, साहेबानंच सांगितलं असेल. बिरप्पा कुणाला बोलला नाही. दिलेलं बोलून दाखवायचं नसतं.

पाऊस बरा झाला आणि त्याच सुमारास नवी लाइनही आली. कंपनीच्या वरिष्ठांनी नारळ फोडून कळ दाबली. वीज ठरल्याच्या निम्मी निघाली. दिग्विजय ओळींत शिरला, तर गवत छातीला लागलं.

"बिरप्पा, हे एवढं वाढलं कसं?"

"म्या वाढवलं की," बिरप्पा अभिमानानं म्हणाला. "अख्खा उन्हाळा रातच्याला मेंढरं बसवली; आता चरून बी संपंना. कुणाची पायलीभर जवारी घेतली न्हाय."

दिग्विजयनं प्लेटेवर आलेलं गवत हातानं बाजूला सारलं. मग म्हणाला, "उद्यापासून दिवसा चारा, दिवस मावळायच्या आत बाहेर. रात्री एक मेंढरू दिसलं तर गेटला कुलूप."

"मंग चांगलंच झालं की," कस्तुराबाई घरी म्हणाली. "कळप वाचला. तोंड का पाडलंय?"

"माळ गेला तवाबी आपन देनारं हुतो," बिरप्पा म्हणाला. "आता नुसतं खानारं झालो."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं आणि मेंढरं सवयीनं ओळीत बसायला लागली. बिरप्पानं आयुष्यात पहिल्यांदा बसलेलं मेंढरू काठीनं उठवलं.