होल्डवरचा विषय

"काही शंका?" मोबाईलमधले सर विचारत. तीन सेकंद थांबत. "नाही ना? छान. पुढे जाऊ."

"आहे ना, सर!" हातातलं लाटणं आपटत जिकरा म्हणे.

"त्याला ऐकू जात न्हाई, आन तू त्यालाच इचारतीस," तिची सासू खातूनबी सुनावायची. "दोन डाव नापास झालीस, तरी त्याचंच त्वांड बघत बसतीस."

जिकरा दापोडीहून रोज महाळुंग्याच्या कंपनीत जाई. अकरा वर्षं ती तिथे शाफ्ट, म्हणजे यंत्रातले गोल दांडे, तपासत होती. सुपरवायझर सुरेंद्र सर जूनमध्ये दुसऱ्या प्लांटला जाणार होते, आणि आपल्या जागी तिचं नाव द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी पदवी हवी. ऑनलाइन बीबीएचे सगळे विषय सुटले होते, एक संख्याशास्त्र राहिलं होतं. ते मेच्या परीक्षेत सुटायलाच हवं होतं.

ती एकाच ठिकाणी अडकली होती. सरासरीपासूनच्या फरकाचा वर्ग का करायचा? व्हिडिओतले सर केव्हाच कॉलेज सोडून गेले होते. प्रश्न चर्चेच्या पानावर टाकायचा, आणि दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर लिहिलं की दोन मार्क मिळायचे. तिच्या प्रश्नाखाली एकेचाळीस उत्तरं आली. 'छान मुद्दा.' 'उपयुक्त माहिती, धन्यवाद.' 'मी सहमत आहे.'

"कशाशी सहमत आहे मेला?" जिकरा ओरडली.

कंपनीत एखाद्या शाफ्टचा संशय आला की त्याला लाल होल्ड टॅग लावतात. कुणी येऊन बघितल्याशिवाय तो पुढे जात नाही. त्याच सवयीने तिने मदत कक्षाला लिहिलं, 'माझं संख्याशास्त्र होल्डवर ठेवा. वर्ग का करायचा ते कळलेलं नाही.'

तीन आठवडे मुकं असलेलं कॉलेज चार मिनिटांत बोललं. 'विनंती मान्य. विषय होल्डवर ठेवला आहे. आता परीक्षा डिसेंबरमध्ये.'

तिने फोन लावला.

"मॅडम, तुम्हीच लिहिलंय," पलीकडची मुलगी म्हणाली.

"अहो, होल्ड म्हणजे या आणि बघा!"

"कुठे येऊ?"

जिकराने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने सुरेंद्र सरांना सगळं सांगितलं.

"मला विचारायचं ना!"

"तुम्ही कुठे कॉलेज आहात?"

त्यांनी रिजेक्शन स्लिपच्या कोऱ्या बाजूवर दोन शाफ्ट काढले. "हा मापापेक्षा दोनने जाड, तो दोनने बारीक. फरकांची बेरीज?"

"शून्य."

"म्हणजे दोन्ही पीस चांगले?"

"छे! दोन्ही रिजेक्ट."

"म्हणून वर्ग. उणे चिन्ह जातं, फरक राहतो."

जिकराने स्लिप ओढून घेतली. "एवढंच होतं?"

डबा तसाच ठेवून तिने तिथेच तीन उदाहरणं सोडवली. तिन्ही बरोबर आली.

सुरेंद्र सर घसा खाकरून म्हणाले, "जिकरा, नाव आज पाठवायचंय हो. डिसेंबरपर्यंत कंपनी थांबत नाही."

"मग माझ्याबरोबर शाफ्ट तपासते त्या ऋताचं पाठवा," ती म्हणाली. "तिची पदवी झालीय."