उठू नका म्हणणारी विमल

मंडईत गवार निवडत होते, तेवढ्यात विमलच्या भाचीचा, प्रज्ञाचा फोन आला. "मावशी, आत्या गेली..." एवढंच कसंबसं बोलली. "अगं काहीतरीच काय! काल संध्याकाळीच तिनं मला फोनवर झापलंय!" मी ओरडलेच. भाजीवाली माझ्याकडे बघत राहिली. सकाळी चहा ठेवता ठेवता विमल ओट्यापाशी कोसळली, म्हणे. ना आजार, ना दवाखाना. आता महिना उलटून गेला, तरी माझं डोकं सुन्नच आहे. आणि खरं सांगू? तिचा रागही येतो. अर्धं भांडण टाकून असं कुणी जातं का?

आमची ओळख टेलिफोनच्या ऑफिसातली. शेजारी शेजारी टेबलं, डबा एकत्र. मी पेठेत वाढलेली, ती विश्रांतवाडीची. घराघरात मोबाईल आले तशी आम्हा दोघींनाही ऑफिसनं स्वेच्छानिवृत्तीची वाट दाखवली. मी नातवंडांत रमले, विमल मोर्चात. त्या सुमारास पुण्यात आयटीचा पैसा खेळू लागला होता, काचेच्या शोरूम झाल्या होत्या आणि त्यांत साड्यांवर बिल्ले लावून दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका आल्या होत्या. विमलच्या नजरेत भरले ते त्यांचे सुजलेले पाय. "बाजार खुला झाला म्हणतात, पण या बायकांना बूड टेकायला जागा नाही," असं म्हणून तिनं त्यांची संघटना बांधायला घेतली. तिच्याबरोबर खरेदीला जाणं म्हणजे शिक्षा. मालकानं "या, बसा" म्हटलं की ही म्हणायची, "आधी यांना बसवा." मग ती बाई उभी, विमल उभी आणि मध्ये मी, ओशाळून उभी.

एका शोरूमच्या दारात त्यांनी धरणं धरलं, तेव्हा मालक नमला. "स्टूल द्या," एवढीच मागणी होती. उंचीचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेठनं बारमध्ये असतात तसली उंच, गोल स्टुलं आणून ठेवली. साडी नेसून त्यावर चढणार कोण? बायकांनी त्यांना पर्सा अडकवल्या. विमल पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी सुताराला घेऊन हजर! शेठच्या डोळ्यांदेखत तिनं स्टुलांचे पाय कापून घेतले. "विमलताई, अहो, इम्पोर्टेड आहेत ती!" शेठ कळवळले. "बायका इथल्याच आहेत ना?" ही शांतपणे म्हणाली.

तरी खरी अडचण पुढेच होती. गिऱ्हाईक आलं की बायका ताडकन उठायच्या. कुणी सांगायला नको, हाडातच मुरलेलं. दुकानांच्या नव्या नियमांची चर्चा सुरू झाली, तेव्हा विमलनं हट्टच धरला, गिऱ्हाईक समोर असतानाही बसायचा हक्क हवा. शेवटच्या फोनवर त्यावरूनच जुंपली. मी म्हटलं, "अगं, स्टूल मिळालं ना? माणूस आलं की उठावं, ही आपली रीत आहे. त्यात मान असतो." ती मग म्हणाली, "मान कुणाचा, ते तुला उद्या घरी येऊन सांगते. ठेव फोन." ...तो उद्या काही आला नाही.

सांगितलं ते तिच्या दादांनी. विश्रांतवाडीच्या घरी बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा मी त्यांना आमचं भांडण सांगितलं. दादा मग म्हणाले, "आमच्या आज्याला गावात बाजेवर बसायची सोय नव्हती. स्वतःच्या दारातसुद्धा. रस्त्यानं कुणी बडं माणूस जाताना दिसलं की उठून उभं राहायचं, ते नजरेआड होईस्तोवर. विमल लहानपणी त्याच्या तोंडून हेच ऐकत झोपायची." इतकी वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही, पण हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

परवा नातीच्या ड्रेससाठी त्याच शोरूममध्ये गेले. ड्रेस काय, कुठंही मिळाला असता. काउंटरमागे विमलच्या संघटनेतली संगीता कापल्या पायांच्या स्टुलावर बसली होती. मला पाहताच सवयीनं तिचे हात काउंटरवर टेकले, ती अर्धी उठली... आणि पुन्हा बसली. डोळे भरून आले होते. "काकू, रागावू नका, उठत नाही मी. ताईंना चालायचं नाही."

"बस गं, बस," मी म्हणाले. आमचं भांडण तिथं मिटलं, आणि हे सांगायला मला विमल हवी होती.