वाइनमधले नकाशे

माऊसवर दोनदा टिचकी मारली की ते हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि खुर्चीत मागे टेकायचे. पडद्यावर काहीच हलत नसे. मागे कोणी ताटकळत उभं असलं, तर मान न वळवता म्हणायचे, "घाई करू नका. परका आहे तो. वेळ लागतो."

परका म्हणजे नकाशे काढायचा त्यांचा जुना प्रोग्राम. वसईत कोर्टाजवळ पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. जमिनी मोजायच्या आणि नकाशे काढून द्यायचे, हे काम. साहेब मालक, अर्ज आणि फायली माझ्याकडे, आणि नकाशांना ते. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून साहेबांसकट सगळे त्यांना काका म्हणत. पापडीहून सायकलने येत. आल्यावर पहिला शब्द "दमलो", जाताना शेवटचाही तोच. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल. तो दमलाय हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी काम सगळे त्याच्याच टेबलावर आणून ठेवतात.

तो प्रोग्राम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. तो फक्त जुन्या विंडोजवर चाले. एकदा व्हायरसने सगळं आडवं केलं, तेव्हा साहेबांनी दोन नवे कॉम्प्युटर घेतले, नवा प्रोग्राम घेतला, आणि काकांच्या जुन्या डब्यात विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकून दिलं. निदान पत्रं तरी टाइप होतील म्हणून. काकांनी कुठून तरी शोधून काढलं की लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची एक सोय असते आणि तिचं नाव वाइन. मग सुपारीचंही व्यसन नसलेला हा माणूस रोज सकाळी मला सांगायचा, "ताई, जरा वाइन लावतो." समोर बसलेले पक्षकार चमकून माझ्याकडे बघत.

"असतं काय ते?" मी एकदा विचारलं.

"काही नाही हो. तो जे जे मागेल ते त्याला विंडोजसारखं हातात द्यायचं. आपण भलतीकडे आलोय हे त्याला कळू द्यायचं नाही."

सुरुवातीला मराठी अक्षरं फुटत. 'विहीर' लिहिलेल्या जागी नुसते चौकोन दिसत. तीन दिवस काका जुन्या सीड्या उपसत होते. शेवटी फॉन्ट सापडला आणि 'विहीर' सरळ उमटली. आम्हाला वाटलं, आता हसतील. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि चहा मागवला.

साहेब म्हणायचे, "काका, जुने नकाशे नव्यात उचलून टाका ना, कटकट मिटेल." टाकून पाहिले. हद्दी आल्या, क्षेत्रफळ आलं. पण विहिरी, पाट, पायवाटा, बावखलं सगळी गळून पडली. बावखल म्हणजे वाडी शिंपण्यासाठी खणलेलं लहानसं तळं. या सगळ्याच्या खुणा काकांनी जुन्या प्रोग्राममध्ये स्वतः बनवल्या होत्या. नव्याला त्या ओळखता येत नव्हत्या.

"लोकांना क्षेत्रफळ हवं असतं काका, बावखल नाही."

"मी टेप धरून मोजलेली आहेत, साहेब." यापलीकडे ते वाद घालत नसत.

एका सकाळी जवळच्या होळी गावाहून एक बाई आल्या. भाजीचा मळा होता त्यांचा. शेजारची वाडी एका बिल्डरने घेतली होती आणि कुंपणाची भिंत घालायला पाया खणला होता, नेमका त्यांच्या बावखलाच्या वाटेवर. "तो म्हणतो वाट नाहीच. नकाशा दाखवतो. माझी सासू त्या वाटेने पाण्याला जायची. आता मी काय उडत जाऊ?"

त्यांनी नकाशाची झेरॉक्स टेबलावर पसरली. आमच्याच ऑफिसचा शिक्का होता. कोपऱ्यात, नकाशा काढणाऱ्याच्या जागी, काकांची सही.

काकांनी झेरॉक्स जवळ ओढून आपली सही पाहिली. मग उठून वाइन लावली. प्रोग्राम दोनदा मधेच बंद पडला. बाई उभ्याच होत्या. तिसऱ्यांदा नकाशा उघडला. दोन वाड्यांच्या मधून तुटक रेष गेली होती, शेजारी लिहिलं होतं : बावखलाकडे जाण्याची वाट, सहा फूट.

"नव्यात टाकताना गळली," ते मला हळूच म्हणाले. "त्या दिवशी साहेबांनी गठ्ठा पुढे केला, मी सह्या करत गेलो. बघितलंच नाही ताई. दमलो होतो."

साहेबांच्या केबिनचं दार उघडंच होतं. बिल्डर आमचं मोठं गिऱ्हाईक. साहेब म्हणाले, "काका, बाईंना कोर्टात जाऊ दे. आपण कशाला मध्ये?"

"चूक आपली आहे."

"प्रोग्रामची आहे."

"सही प्रोग्रामची नाही, साहेब. माझी आहे."

दुपारी दुरुस्त नकाशा निघाला, सोबत चूक कबूल करणारं पत्र गेलं. पत्र मीच टाइप केलं. काकांनी ते दोनदा वाचून सही केली. भिंत सहा फूट मागे सरली. बिल्डरने मात्र आमच्याकडे काम देणं बंद केलं.

साहेब काकांना एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त नवं काम त्यांच्याकडे जाईना. मग काकांनी आपणच काम काढलं. जुना नकाशा वाइनमध्ये उघडायचा, शेजारी नवा प्रोग्राम, आणि एकेक विहीर, एकेक वाट हाताने नव्यात काढायची. कधी फोन करून त्या वाडीवाल्यांना विचारायचे, आणि फोन ठेवल्यावर म्हणायचे, "बुजवलं म्हणे. बिल्डिंग आहे आता." तरी ते बावखल काढायचेच, पुढे कंसात 'पूर्वीचे' लिहून. डोळ्यांतून पाणी गळे. दीडेक वर्ष असं गेलं. मग डॉक्टरांनी पडद्यासमोर बसायलाच मनाई केली.

त्यांनी काम सोडल्यावर चारेक महिन्यांनी एक जुना नकाशा काही केल्या उघडेना. साहेब म्हणाले, "पापडीला जाऊन काकांना विचारून या."

काका पडवीत आरामखुर्चीत होते. मला बघून आनंदले. साहेबांची चौकशी केली, माझ्या मुलीची केली. वाइनचं नाव काढलं नाही. मी लिहून घ्यायला पर्समधून कागद काढून चष्मा शोधत होते, तेवढ्यात बोलता बोलता त्यांची मान एका बाजूला कलली. काकी आतून सरबत घेऊन आल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू दे. आयुष्यात दुपारची झोप माहीत नव्हती. आता लागते."

मी सरबत प्यायले. केळीच्या पानावर ऊन सरकत होतं. काकांचं तोंड थोडं उघडं होतं, लहान मुलासारखं. मी कागद पुन्हा पर्समध्ये ठेवला आणि चपलांचा आवाज न करता फाटकाबाहेर आले.

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"झोपले होते. उठवलं नाही."

"बरं केलंत," साहेब म्हणाले, आणि खिळ्यावरची टेप काढून ती जमीन मोजायला स्वतःच निघाले.