पंचांना न दिसलेला स्पर्श

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. नव्वदच्या दशकात नाशिकच्या आमच्या चर्चच्या कबड्डी संघाला मी शिकवायचो. त्यातला एकजण विरोधी गड्याचं बोट लागलं, की पंचांनी पाहिलेलं नसलं तरी हात वर करून बाहेर जायचा. अंतिम सामना आम्ही त्यामुळेच हरलो. करंडकासाठी आसुसलेला मी सगळ्यांसमोर ओरडलो, "अरे संतमहाराज, मग पंच कशाला ठेवलेत?"

"लागला होता, सर," तो हळूच म्हणाला.

रविवारी, मनातली अढी मिटवूनच घ्यायच्या प्रभुभोजनाच्या भाकरीआधी, तोच माझ्या बाकाशी आला. "सर, मनात काही असेल तर क्षमा करा."

मी मोठेपणाने मान हलवली आणि भाकर घेतली.

अजूनही तो चर्चच्या दारात भेटतो. "सलाम सर, गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत," एवढंच मी म्हणतो, आणि त्याची क्षमा मागायची पुन्हा राहून जाते.