देणारा शिंपला

दादा जाऊन सात महिने झाले होते आणि त्याने कोरीटच्या शेततळ्यात लावलेले मोती काढायचे होते. तळं ठेवायचं की बुजवून केळी लावायची, हे वहिनी मोती बघून ठरवणार होती. मला दोन्हींत रस नव्हता. त्या दिवसांत मला कशातच रस नव्हता. ताट वाढलं की जेवत होतो.

मोती काढायला चाकू आणि बादली पुरते. गावाने मंडप घातला. शहाद्याहून पाहुणे आले. फलकावर पाहुण्यांचा फोटो दादाच्या फोटोच्या चौपट होता. शाल, श्रीफळ झालं. मग दादाला हे काम शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने पहिला शिंपला उघडून पाहुण्यांच्या हातात दिला. आत हरभऱ्याएवढा मोती होता, चुलीतल्या राखेच्या रंगाचा.

"काळा मोती!" पाहुणे माइकवर म्हणाले. "अतिशय दुर्मीळ!"

टाळ्या झाल्या. दुसरा तसाच निघाला, तिसराही. पाचव्यानंतर दुर्मीळ म्हणणं अवघड होतं, म्हणून भाषण सुरू झालं.

प्रशिक्षकाने मला बाजूला घेतलं. "सर, देणारे शिंपले कोणते घेतले होते?"

मला माहीत होतं. मोती ज्याच्या पोटात वाढतो, त्या शिंपल्यावर त्याचा रंग फारसा ठरत नाही. दुसऱ्या शिंपल्याच्या कडेच्या मऊ पडद्याचा तुकडा कापून मण्यासोबत याच्यात बसवतात, आणि मण्यावर थर चढवतो तो हा तुकडा. देणारा आतून पांढरा, तर मोतीही बहुधा पांढरा. मात्र देणारा मरतो. आमचं घर माळकरी. वहिनीने तेव्हाच बजावलं होतं, "आपला हातवर जीव नको." मोती काढताना घेणाराही बहुतेक मरतो, हा विचार कोणी केला नव्हता. ती दीड वर्षं लांबची गोष्ट होती.

तोडगा दादाने काढला. जे शिंपले वासून पडलेत, बोट लावलं तरी मिटत नाहीत, तेच देणारे घ्यायचे. ते तसेही जाणारच. देणारा निरोगी आणि आतून चमकदार हवा, हे पुस्तकातलं वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मग पुस्तक मिटलं आणि वासलेले शिंपले मीच निवडून दिले. त्यांची आतली बाजू मळकट, करडी होती. मी ती पाहिली होती.

मंडप उतरल्यावर वहिनी ताटलीतले मोती बोटाने फिरवत बसली.

"हाऊ रंग कथाइन उना, भाऊ? तुमना दादानं काय चुकनं?"

मी सगळं सांगितलं, पुस्तकासकट.

"म्हंजे मन्हा बोलनामुळे."

"मीही होतो तिथे."

"तुम्ही शिकेल माणूस. तुम्ही बोलाले जोयजे व्हतं."

दादा गेला तेव्हा मला रडू आलं नव्हतं, आताही आलं नाही. बाहेर मांडववाले बांबू मोजत होते.

प्रशिक्षकाने पाहुण्यांना दाखवायला तापीतले ताजे शिंपले आणले होते. भाषणं लांबली आणि ती बादली तशीच राहिली. वहिनी उठली, बादलीतला एक शिंपला घेऊन आली. तो इतका घट्ट मिटलेला होता की फटीत नखही जाईना.

"हाऊ जित्ता शे," ती म्हणाली. "तुम्ही कापा. मी धरस."

तिने तो दोन्ही हातांनी पाटावर दाबून धरला. मी चाकू फटीत घालून फिरवला. तिने डोळे मिटले नाहीत. मला काहीच वाटलं नाही, तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

आतून तो पांढरा होता, कडेला किंचित गुलाबी. वहिनीने तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"तळं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्या प्रशिक्षकले फोन लावा."