खिडकी कुणाच्या कमरेएवढी

वस्तीत तिला सगळे ताईच म्हणत. पिशवीची चेन अडकली, पोराच्या पँटचा गुडघा फाटला, की चला ताईकडे. उंचीनं बेताची आणि बोलण्यात त्याहून बेताची. कापड हातात आलं की मात्र तिचा आवाज बदलायचा. "काय हवं-नको ते आत्ता सांगा," असं ती गिऱ्हाइकाला दम दिल्यासारखं बजावायची, "एकदा कात्री चालली की मग माझ्या नावानं खडे फोडू नका." हे झालं दुसऱ्यांना सांगणं. स्वतःपुरतं तिनं कधी कुणाला काही हवं-नको सांगितलं नव्हतं.

त्याला कारणही तसंच होतं. आईवडील लवकर गेले आणि ती मामाकडे वाढली. मामी वाईट नव्हती, हे आधी सांगायला हवं. पोटभर जेवू घालायची, आजारपणात उशाशी बसायची. पण पोरीच्या अंगावर यायचे ते मामेबहिणींचे उतरलेले कपडे. बाह्या लांब, गळा ढगळ, कंबर कुठल्या कुठे. पोर "छान आहे, मामी" म्हणायची, आणि सगळे पांगले की सुईदोरा घेऊन कोपऱ्यात बसायची. शिवण ती अशी शिकली. कुणी काही दिलं की हसून घ्यायचं आणि मागाहून गुपचूप आपल्या मापाचं करायचं, ही सवय तिच्या हाडीमाशी मुरली. पुढे लग्न झालं, नवरा भला निघाला, पण तोही अर्ध्या वाटेवर जग सोडून गेला. मागे राहिली सासू आणि शिलाई मशीन. दोन्हींची कुरकुर दिवसभर चालायची, आणि दोन्हींवाचून ताईचं पान हलत नसे.

राहायला पत्र्याची भाड्याची खोली. खिडकी नाहीच. दारात मशीन ओढून, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देत ती शिवायची. अलीकडे सुईत दोरा ओवायला दोन-चारदा जीभ लावावी लागे, काळ्या कापडावरची टीप तर अंदाजानंच चालायची. डोळे गेले तर खायचं काय, हा प्रश्न ती कुणाला विचारत नसे, पण तो तिच्या शेजारी बसलेला असायचा.

अशात त्या वस्तीत एक संस्था घरं बांधून देऊ लागली. सुट्टीत लांबून कुटुंबंच्या कुटुंबं यायची, राबायची आणि निघून जायची. नियम एकच, ज्याचं घर त्यानंही विटा वाहायच्या. ताईचा नंबर लागला तेव्हा गवंड्यानं विचारलं, "तुमचं काही म्हणणं?" ताई म्हणाली, "एक खिडकी. खाली मशीन बसेल अशी." एवढं बोलूनही तिला फार मागितल्यासारखं वाटलं.

तिच्या वाट्याला आलेलं कुटुंब टेंपोतून उतरलं ते उतरतच राहिलं. नवरा, बायको आणि कॉलेजातली मुलगी, तिघंही ताडमाड. "यांना शिडीचा खर्च नाही," सासूबाई पुटपुटल्या. नवरा जन्मभर खुर्चीत बसून हिशेब तपासणारा, बायको शाळेत नर्स. कामाची सवय कुणालाच नव्हती, पण अंगचोरपणा नावाला नव्हता. पहिल्याच दिवशी तिघांच्या हातांना फोड आले. वहिनींनी, म्हणजे त्या नर्सबाईंनी, आधी ताईच्या बोटांना पट्ट्या बांधल्या आणि मग स्वतःच्या. आपल्या बोटांकडे इतक्या जवळून कुणी पाहिल्याचं ताईला आठवत नव्हतं. तिला त्या बाईची माया वाटू लागली आणि सगळी पंचाईत तिथूनच झाली.

गवंडी होता हुशार, पण टेप वापरणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याची सगळी मापं अंगावरची. पाया गुडघ्याएवढा, कट्टा मांडीएवढा, खिडकी कमरेएवढी. इतकी वर्षं त्याचं कधी अडलं नव्हतं. खिडकीच्या भिंतीच्या दिवशी त्याला दुसऱ्या घरावर जायचं होतं. "कमरेला विटा लागल्या की थांबा आणि चौकट बसवा," असं सांगून तो गेला. मंडळींनी प्रामाणिकपणे तसंच केलं. वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, मुलगी वाकून बघायची, "अजून एक थर, आई." कमरेला विटा लागल्या, चौकट बसली, दोन्ही बाजूंच्या विटाही तिच्या बरोबरीनं चढल्या. संध्याकाळी गवंडी आला, ओळंबा लावला, भिंत सुतासारखी सरळ. त्यानं मान डोलावली. "उद्या सकाळी वरचा लिंटल भरू," म्हणाला. सिमेंटचा तो पट्टा एकदा भरला की खिडकी कायमची.

सगळे हात धुवायला गेले तेव्हा ताईनं घमेलं उपडं घातलं आणि मशीनवर बसतात तशी खिडकीखाली बसली. उजेड तिच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या भिंतीवर पडला होता. मांडीवरचे हात अंधारात होते.

ती तशीच बसून राहिली. फ्रॉक असता तर आत घेतला असता, उसवून पुन्हा शिवला असता. पण विटा गुपचूप उसवता येत नाहीत.

"सांग त्यांना," रात्री सगळं ऐकून सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या.

"कोणत्या तोंडानं सांगू? हाताची सालटी निघालीत त्यांच्या."

"मग आंधळी हो," सासूबाई म्हणाल्या आणि कूस वळवून झोपल्या. त्यांचं प्रेम करणं हे असंच होतं.

सकाळी माल कालवायला सुरुवात झाली. वहिनी कालच्या भिंतीवरून हात फिरवत होत्या. "बघा ताई, ही मी रचलेली. आवडली ना?"

"छान आहे," ताई म्हणाली. तोंडाला तीच सवय होती. पण घमेलं भरून हातोहात वर निघालं. तिनं पुढे होऊन ते दोन्ही हातांनी धरलं.

"थांबा, दादा. खिडकी उंच झालीय. मला खाली बसून दिसणार नाही."

सगळे थांबले. गवंड्यानं खिडकीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि मग सावकाश वहिनींकडे. "कंबर कुणाची धरली?" त्यानं विचारलं. मुलीला हसू फुटलं, मग तिच्या बापाला, मग खुद्द गवंड्याला. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

"काल का नाही बोललात?" त्यांच्या आवाजात दुखावल्याची छटा होती.

"तुम्ही एवढ्या मायेनं बांधलंत. नावं कशी ठेवू?" ताईचे डोळे भरून आले. "पण मला डोळ्यांवरच पोट भरायचंय, वहिनी."

गवंडी म्हणाला, चौकट काढून खाली घेता येईल, पण आजचा दिवस गेला. मंडळींची सुट्टी संपत आली होती, म्हणजे छपराला ती नसणार. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. छपराखाली उभं राहून फोटो काढायचा, हे तिघं आल्यापासून बोलत होती. मग वहिनी पुढे झाल्या, हातोडी घेतली आणि आपणच बसवलेली वीट आपणच सैल केली. पुढची ताईनं काढली. या खेपेला घमेल्यावर बसवलं ताईला, आणि तिच्या कोपरापासून माप घेतलं. "नीट बसा, ताई. हवं-नको आत्ताच सांगा," वहिनी म्हणाल्या. ताईनं तीनदा खाली-वर करायला लावलं. तिचं तिलाच नवल वाटलं.

निघायच्या दिवशी भिंती पुऱ्या होत्या आणि वर आभाळ होतं. टेंपो सुरू झाला. वहिनींनी ताईचे हात हातात घेतले. "छप्पर चढलं की फोटो पाठवा हं."

"नाही पाठवणार," ताई म्हणाली.

वहिनी चमकल्या.

"तुम्हीच या बघायला. विटा उचलायला नाही. पाहुणे म्हणून या. मी बोलावतेय."

आजवर ती दुसऱ्यांच्या छपराखाली राहिली होती, आणि तिथून कुणाला 'घरी या' म्हणता येत नाही. हे शब्द ती पहिल्यांदाच बोलत होती. अजून छप्परही नसलेल्या घराकडे तिनं मोठ्या ऐटीत हात केला.

त्या उंच बाईनं वाकून तिला मिठीत घेतलं. "कधी येऊ?"

"कधीही," ताई म्हणाली. "आणि विचारून यायचं नाही."