जग्याने गाडी तीन इंच वर घेतली

जग्या तेंडोलकराइतका हौशी गाढव मी दुसरा बघितला नाही. आणि मी लालबागच्या गल्लीत पस्तीस वर्षं गाड्यांचे शॉकअप बदलतोय, म्हणजे गाढवं काही कमी बघितलेली नाहीत. त्याचं कागदावरचं नाव जगदीश. आम्ही दोघं नायगावच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, त्याला सतराव्या मजल्यावर घर मिळालं आणि मला बाराव्या. तेव्हापासून तो मला लिफ्टमध्ये भेटला की विचारतो, 'काय रघू, तुमच्याकडे वारा येतो का रे?' अरे, पाच मजल्यांचा काय तो माज!

त्याची आई जाईबाई. तिचं नशीब असं की तिने मागितलं ते जग्याने तिला कधीच दिलं नाही. त्याहून मोठं दिलं. चाळीत असताना ती म्हणाली, पंखा घरघर करतो, जरा तेल घाल. याने एसी बसवला. म्हातारी आठवडाभर शिंकत गॅलरीत झोपली. तिने भजनं ऐकायला छोटा रेडिओ मागितला, तर दहा बाय बाराच्या खोलीत हा पंचावन्न इंची टीव्ही घेऊन आला. तो बघायचा तर मोरीच्या उंबऱ्यावर पाट टाकून बसावं लागायचं. आणि वर हा बाबा चाळभर सांगत फिरणार, 'आयेसाठी घेतला!' आयेला विचारलं होतंस का, मेल्या? तिला विचारायची पद्धतच त्या घरात नव्हती.

ऑफिसातून लवकर निवृत्ती घेतल्यावर त्याने ती गाडी आणली. बारा वर्षं जुनी, परदेशी, लांबलचक वॅगन, चारही चाकांना इंजिनाचा जोर. परळच्या सिग्नलला उभं राहायला चारही चाकांना जोर कशाला लागतो, ते त्यालाच ठाऊक. पण एक कबूल करतो, त्या गाडीत जाईबाई मजेत बसायची. वॅगन मुळात बुटकी. म्हातारी आधी सीटवर टेकायची, मग हाताने उजवा पाय उचलून आत घ्यायची. तो गुडघा तिचा वाकत नाही. मंगळवारी प्रभादेवीला जाऊन यायची आणि उतरताना मला हात करायची.

यंदा तिला गावाला जायचं होतं, आणि जायचंच होतं. जग्याचा मुलगा पुष्कर याचं लग्न वैशाखात झालं. नव्या सुनेचा, नूपुरचा, पहिला ओवसा यंदा गौरीला होता. सुपात पानं, फळं, खोबरं मांडून नवी सून ते गौरीपुढे ओवाळते, आणि तेंडोलकरांच्या घरात ते सूप थोरल्या बाईने तिच्या हातात द्यायचं असतं. जग्याची बायको पाच वर्षांपूर्वी गेली. म्हणजे थोरली बाई एकच उरली, जाईबाई. वय अठ्ठ्याहत्तर. 'माझ्या हातचा ह्या शेवटचा सूप,' असं ती लग्न ठरल्यापासून सांगत होती.

अडचण वाटेची होती. कुडाळच्या पुढे त्यांचं गाव, गाडीरस्ता देवळापाशी संपतो. तिथून घरापर्यंत अर्धा मैल दगडांची चढण. मागे एकदा पुतणे म्हणाले, काकी, खुर्चीत बसा, चौघं उचलून नेतो. म्हातारी कडाडली, 'चार जणांनी माका उचलूचा ता एकदाच. आत्ताच कित्याक?' त्यानंतर तीन वर्षं ती गेलीच नाही. या वेळी मात्र तिने माझ्यासमोर जग्याला सांगितलं होतं, 'माका देवळापर्यंत ने. म्होरं कोणीतरी हाताक धरा. बसत बसत जातंय मी, दोन तास लागले तरी चलतीत.'

एवढंच मागणं. हात धरणारा एक माणूस.

पण ते जग्याला पुरेल कसं? तो टेप घेऊन गावाला जाऊन आला. वाटेतला दगड न् दगड मोजला, वहीत लिहिला, आणि माझ्या गॅरेजात येऊन वही आपटली. 'सगळ्यात मोठा साडेनऊ इंच. गाडी जमिनीपासून सात इंच आहे. तीन इंच वर घे. थेट घरासमोर खळ्यात नेऊन उभी करतो आयेला!'

'दोनच्या पुढे जाऊ नकोस,' मी म्हटलं. 'एक्सल तिरके होतील, त्यांच्यावरचे रबरी बूट फाटतील.'

'तीन म्हणजे तीन. तू मेकॅनिक आहेस ना? मग पाना उचल.'

उचलला पाना. स्प्रिंगांच्या डोक्यावर दोन इंचांचे ठोकळे बसवले, मोठे टायर चढवून आणखी एक इंच मिळवला, ब्रेकचे पाइप ताणले जातात का ते बघितलं, अलाइनमेंट केली. काम चोख केलं, त्यात खोट काढून दाखवावी कोणी. जग्या चार दिवस मोबाइल धरून माझ्या डोक्यावर उभा. गाडीखाली लोळून व्हिडिओ काढले, गावच्या ग्रुपवर टाकले. 'ह्या वर्षी गाडी खळ्यात!' खाली वीस-पंचवीस अंगठे. हा खूश.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी टॉवरच्या दारात लागली. पुष्कर-नूपुर आधीच गावाला पोचले होते. जाईबाई हिरवं लुगडं नेसून खाली आली, हातात नवं कोरं सूप, लाल फडक्यात बांधलेलं. गाडीपाशी आली, मागे वळून सीटवर टेकायला गेली, आणि टेकलीच नाही. सीट तिच्या टेकण्याच्या उंचीच्या तीन इंच वर गेली होती.

वॉचमनचा स्टूल आणला. स्टूलवर चढवली तर डोकं वरच्या पट्टीला लागलं. वाकावं तर गुडघा वाकेना. पुढची सीट बघितली, तिथेही तेच. तोवर गणपतीची खरेदी घेऊन येणारी-जाणारी निम्मी बिल्डिंग गोळा झाली. प्रत्येकाला काहीतरी सुचत होतं. शेवटी जग्या म्हणाला, 'चला रे चौघं, मागून उचलू या.' आणि तिच्या कमरेला हात घातला.

'हात लावशीत तर याद राख,' म्हातारी म्हणाली. मोठ्याने नाही म्हणाली. पण सगळे मागे सरले.

मी म्हटलं, 'जग्या, गाडी गॅरेजात घे. संध्याकाळपर्यंत होती तशी करून देतो. म्हातारी म्हणतेय ना, देवळापासून चालते.'

'होय,' जाईबाई म्हणाली. 'तसाच कर.'

आणि हा शहाणा घड्याळ बघतो! म्हणाला, घाटात गर्दी होईल. म्हणाला, गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय. 'आये, तू गौरीला ये. पुष्करला दुसरी गाडी घेऊन पाठवतो.' सूप तिच्या हातातून घेतलं, मागच्या सीटवर ठेवलं, आणि गेला. ज्या सीटवर ती बसायची तिथे सूप बसून गेलं. पुष्करला कोणी पाठवलं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

गौरीच्या दिवशी मी सतराव्या मजल्यावर गेलो. शेजारची कांता जाईबाईजवळ बसली होती. इतक्यात जग्याचा व्हिडिओ कॉल आला, कांताने म्हातारीचा फोन तिच्यापुढे तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर आधी काय? टायर! मग चिखलाने माखलेलं दार, मग परत टायर. 'बघ आये, एक दगड लागला नाही! खळ्यात उभी आहे!' दोन मिनिटं तो गाडीभोवती फिरत होता. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली, पण मध्ये पाचशे किलोमीटर होते.

'बाजूक हो,' जाईबाई म्हणाली. 'चेडवाक दाखव.'

फोन पुष्करने घेतला असावा. नूपुर समोर आली, नाकात नथ, दोन्ही हातांत भरलेलं सूप. शहाणी पोर. म्हणाली, 'आजी, तुम्ही दिल्याशिवाय मी नाही घेणार. हात लावा.' आणि सूप पडद्याच्या जवळ आणलं.

जाईबाईने पदर सारखा केला. दोन्ही हात पुढे केले आणि सुपाला लावावेत तसे काचेवर टेकवले. बोट कुठल्या तरी बटणावर पडलं. कॉल बंद झाला.

कांता 'परत लावते' म्हणत फोन घ्यायला गेली. म्हातारीने तो पालथा करून मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

'जग्याचा जावंदे,' ती म्हणाली. 'तो असोच. पण तू चार दिवस त्या गाडयेखाली होतंस, रघू. आत कोण बसतला, ता तू तरी माका विचारूक होया होतंस.'